एक्सरे लेझरची मशीन बांधून झाल्यावर ती चालू कशी करतात?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कारंज्याजवळच्या ज्युनिअर कॉलेजात तुम्ही फिजिक्स शिकवता, बारावीच्या पोरांनी युरोपातल्या एक्सरे लेझरचा व्हिडिओ पाहिला आणि एका पोरीनं विचारलं की एवढी तीन किलोमीटरची मशीन बांधून झाल्यावर ती चालू कशी करतात, बटण कोण दाबतं, पहिल्याच दिवशी लेझर निघतो का. आणि मागच्या बाकावरच्या पोराचा प्रश्न, असं काही आपल्या विदर्भात होऊ शकतं का. मी वीस वर्षांच्या वर हेच काम केलंय, अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे इलेक्ट्रॉनला वेग देणारी मशीन, तिचं कमिशनिंग, म्हणजे बांधकाम संपल्यापासून मशीन शास्त्रज्ञांच्या हाती देईपर्यंतचा मधला सगळा काळ. आता दर्यापूरकडं गावी असतो, वेळ आहे, म्हणून नीट लिहितो. लांब होईल.

बटण नसतं. म्हणजे बटणं हजारो असतात, पण हे दाबलं की लेझर सुरू असं एकही नाही. हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएलचं, म्हणजे एक्सरे फ्री इलेक्ट्रॉन लेझरचं घ्या, तीच तुमच्या पोरांनी पाहिलेली, ३.४ किलोमीटरची. तिथं सुरुवातीच्या तुकड्यातून, ज्याला इंजेक्टर म्हणतात, पहिला बीम (इलेक्ट्रॉनची धार) निघाला डिसेंबर २०१५ मध्ये. मुख्य अ‍ॅक्सिलरेटर थंड करायला घेतला डिसेंबर २०१६ मध्ये. पहिला लेझर दिसला २ मे २०१७ ला आणि उद्घाटन झालं १ सप्टेंबर २०१७ ला. पहिल्या इलेक्ट्रॉनपासून पहिल्या लेझरपर्यंत जवळपास दीड वर्ष. अमेरिकेत स्टॅनफर्डला एलसीएलएस हा असाच एक्सरे लेझर आहे, त्यांनी तर काम मुद्दाम तुकड्या-तुकड्यानं केलं, २००७ मध्ये इंजेक्टर, २००८ मध्ये पुढचा अ‍ॅक्सिलरेटर, आणि २००९ मध्ये शेवटचा भाग बसवून १० एप्रिलला लेझर. मागचा टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढं जायचं नाही हा या धंद्यातला पहिला नियम, आणि मी पाहिलेल्या जवळपास सगळ्या अडचणी हा नियम मोडल्यानं आलेल्या आहेत.

मशीन काय आहे ते पोरांना असं सांगा. साध्या लेझरला दोन बाजूला आरसे लागतात, प्रकाश त्यांच्यामधून येरझाऱ्या घालतो आणि वाढत जातो. एक्सरेला तसे आरसे मिळत नाहीत. म्हणून एकाच फेरीत काम उरकायचं, आणि माध्यम म्हणून इलेक्ट्रॉनच वापरायचे. मुक्त इलेक्ट्रॉनचा लेझर करता येईल ही कल्पना जॉन मेडी यांनी १९७१ मध्ये मांडली, प्रत्यक्ष एक्सरेपर्यंत यायला अडतीस वर्षं गेली. मशीनमध्ये सगळ्यात आधी गन असते, तिथं एका धातूच्या चकतीवर अल्ट्राव्हायोलेट लेझरचा झपका मारून इलेक्ट्रॉनचा पुंजका बाहेर काढायचा. पुंजक्यात किती? एलसीएलएससारख्या मशीनमध्ये २५० पिकोकुलोम धरा, म्हणजे दीडशे कोटीच्या वर इलेक्ट्रॉन. मग रेडिओ लहरींवर स्वार करून त्यांना वेग द्यायचा, वाटेत चार मॅग्नेटच्या वळणातून नेऊन पुंजका दाबून आखूड करायचा, आणि शेवटी अंड्युलेटरमध्ये सोडायचा. अंड्युलेटर म्हणजे वर एक आणि खाली एक अशा चुंबकांच्या दोन रांगा, उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण, मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन नागमोडी जातो आणि प्रत्येक वळणावर प्रकाश टाकतो.

लेझर होतो तो इथं. शाळेच्या मैदानावर दोनशे पोरं आपापल्या मनानं लेझीम हलवत असतील तर नुसता गोंगाट. पण कुठंतरी चार जणांचा ठेका जुळला, तो ऐकून शेजारचे आठ जुळले, की बघता बघता सगळं मैदान एका ठेक्यावर येतं आणि आवाज कितीतरी पटीनं चढतो. इलेक्ट्रॉनचं अगदी हेच होतं, त्यांनीच टाकलेला प्रकाश त्यांना ढकलून बारीक बारीक ओळींत उभं करतो, दोन ओळींत अंतर एका तरंगलांबीचं, मग सगळे एकदम चमकतात आणि प्रकाश पुढं सरकेल तसा गुणाकारानं वाढतो. हे व्हायला पुंजका बारीक, आखूड, सरळ आणि एकसारख्या एनर्जीचा पाहिजे. कमिशनिंग म्हणजे या चार गोष्टी एकाच वेळी जमवून आणणं, बाकी सगळी त्याची तयारी.

तयारीचंच जास्त सांगतो, कारण पोरांनी व्हिडिओत ती पाहिलेली नसणार.

मशीन सरळ पाहिजे. गवंडी नळीत पाणी भरून दोन टोकांची लेव्हल काढतो ना, आपलं घर तेवढ्यानं बरोबर उभं राहतं. पण पाण्याची लेव्हल पृथ्वीच्या गोलाईनं चालते. एका टोकाला टेकवून सरळ रेषा काढली तर तीन किलोमीटरवर पाण्याची पातळी तिच्यापासून सत्तर सेंटिमीटर खाली गेलेली असते, तुमच्या पोरांना आकडेमोड करायला द्या, अंतराचा वर्ग भागिले पृथ्वीच्या व्यासाएवढं निघतं. इलेक्ट्रॉन मात्र गोलाई बघत नाही, तो सरळ जातो. म्हणून सर्व्हेवाले बोगद्याच्या भिंतीत खुणेचे बिंदू बसवतात, लेझर ट्रॅकरनं महिनोन्महिने मोजत राहतात, आणि प्रत्येक मॅग्नेट मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत जागेवर आणतात. हे झालं नुसत्या यंत्रानं मोजून, याच्या पुढचं बारीक काम नंतर बीमच करतो, त्याचं खाली येईल.

मग पाणी. सर, तुम्हाला खारपाणपट्टा माहीत आहे, आमच्या गावच्या विहिरीचं पाणी डाळ शिजू देत नाही आणि पितळेचं भांडं चार महिन्यांत पांढरं करतं. मशीनला जे पाणी लागतं ते याच्या अगदी उलट टोकाचं, क्षार काढून टाकलेलं, एवढं शुद्ध की वीज त्यातून जवळपास जात नाही, कारण हे पाणी मॅग्नेटच्या पोकळ तांब्याच्या तारेतून फिरतं आणि त्याच तारेतून शेकडो अँपिअर करंटही जात असतो. आणि नवीन लाईन फ्लश केल्याशिवाय मॅग्नेटला जोडायची नाही. वरूड-मोर्शीकडं ज्यानं संत्र्याला ड्रिप टाकलंय त्याला हे सांगावं लागत नाही, शेवटची टोकं उघडी ठेवून पाणी सोडायचं, माती-प्लास्टिकचा कीस निघून जाऊ द्यायचा, मगच ड्रिपर चालू. एका ठिकाणी आम्हाला घाई होती, एक लाईन तशीच जोडली गेली, आणि गनजवळचा, पुंजका एकवटणारा सोलेनॉइड मॅग्नेट रोज तास-दोन तास चालून बंद पडायला लागला. कंट्रोलरूममध्ये सगळे पॉवर सप्लायला दोष देत होते. तिसऱ्या दिवशी फ्लोमीटर खोलला तर जाळीवर टेफलॉन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटलेला, प्लंबरनं आटा कसताना लावलेल्या टेपचं टोक तुटून आलं होतं. तीन दिवस गेले, नखाएवढ्या तुकड्यासाठी.

व्हॅक्युमचं थोडक्यात सांगतो. पाईपमधली हवा काढायची, मग पाईपला हीटिंग टेप आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून दीडशे अंशाच्या आसपास दिवसेंदिवस तापत ठेवायचं, म्हणजे भिंतीला चिकटलेली वाफ सुटते. लीक शोधायला बाहेरून हेलियमची बारीक धार फिरवतात, हेलियम हलका म्हणून नेहमी वरून सुरुवात करायची, खालून केली तर वर चढलेला गॅस भलत्याच जोडातून आत जातो आणि आपण चांगला जोड खोलून बसतो. आणि आतल्या भागाला उघडा हात कधीच लावायचा नाही. बोटाच्या ठशातलं तेल आठवडाभर गॅस सोडत राहतं. युरोपियन एक्सएफईएलमध्ये नायोबियम धातूच्या ७६८ कॅव्हिटी आहेत, म्हणजे रेडिओ लहरी भरायचे पोकळ डबे, इलेक्ट्रॉनला वेग मिळतो तो यांच्यात, उणे २७१ अंशाला चालणाऱ्या, त्या आठ-आठच्या गटानं क्लीनरूममध्ये जोडल्या, कारण धुळीचा एक कण आत राहिला तर तोच कण पुढं नको तेव्हा इलेक्ट्रॉन सोडत बसतो.

अजून एक गोष्ट, साधी आहे पण मी ती कधीच सोडली नाही. बीम सोडायच्या आधी प्रत्येक मॅग्नेटला थोडा करंट देऊन त्याच्याजवळ होकायंत्र धरायचं आणि सुई कुठं वळते ते वहीत लिहायचं. ड्रॉइंग बरोबर असतं, केबलवरचं लेबलही बरोबर असतं, आणि तरी साठ-सत्तर मॅग्नेटमध्ये एखादा उलटा जोडलेला सापडतो, प्रत्येक वेळी सापडला आहे. होकायंत्रानं दोन मिनिटांत कळतं. तेच बीम लावून शोधायला गेलं तर आठवडा जातो, कारण बीम फक्त कुठंतरी गायब होतो, काहून झाला ते सांगत नाही.

यानंतर आरएफ कंडिशनिंग, म्हणजे कॅव्हिटींना रेडिओ लहरींच्या (आरएफ) पूर्ण पॉवरची हळूहळू सवय लावणं, आणि इथं माणसाचा धीर कळतो. क्लायस्ट्रॉनमधून, म्हणजे रेडिओ लहरी वाढवणाऱ्या मोठ्या नळीतून, काही मायक्रोसेकंदांसाठी कितीतरी मेगावॅट पॉवर तांब्याच्या कॅव्हिटीत जाते. नवीन तांब्याला कितीही घासलं तरी सूक्ष्म टोकं राहतात, त्यांच्यावर एवढं विद्युत क्षेत्र आलं की ठिणगी पडते, ठिणगी पडली की व्हॅक्युम खराब होतं, इंटरलॉक, म्हणजे गडबड दिसताच मशीन आपोआप थांबवणारी यंत्रणा, पॉवर बंद करते. मग व्हॅक्युम परत बसेपर्यंत थांबायचं, थोडं खाली येऊन परत चढायचं. आखूड पल्सनं, म्हणजे पॉवरच्या छोट्या झटक्यानं, सुरू करायचं, पॉवर हळूहळू वाढवायची, वरपर्यंत गेलं की पल्स थोडी लांब करायची आणि परत खालून सुरू. दिवस-रात्र, आठवडे. जवळ उभं राहता येत नाही पण वेव्हगाईडवर, म्हणजे पॉवर नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळावर, मायक्रोफोन लावला तर ठिणगी ऐकू येते, कोरडी काटकी मोडल्यासारखा टक आवाज, आणि थोड्या दिवसांत त्या आवाजावरून ती कुठल्या भागात पडली त्याचा अंदाज यायला लागतो. छोट्या छोट्या ठिणग्या पडतच राहिल्या पाहिजेत, त्यांनीच ती टोकं जळून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मोठी पडू द्यायची नाही.

एका संस्थेत, नाव सांगत नाही, मोठे पाहुणे येणार म्हणून वरून निरोप आला की शुक्रवारपर्यंत पूर्ण पॉवर दाखवा. मी लेखी कळवलं की अजून तीन आठवडे लागतील. रात्री कुणीतरी व्हॅक्युमची मर्यादा सैल केली आणि पॉवर चढवली. पाहुण्यांना स्क्रीनवर आकडा दिसला, टाळ्या पडल्या. नंतर गन उघडली तेव्हा आतल्या तांब्याच्या कडेवर देवीचे व्रण असतात तसे खड्डे पडले होते, दुसरी गन येऊन बसेपर्यंत आठ महिने गेले. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण ती गन ज्या वर्कशॉपवाल्यांनी मिळून घडवली होती त्यांनी ती तळहातावर सांभाळून आणली होती.

बीमच्या आधीचं शेवटचं काम म्हणजे माणसांची सुरक्षा. आपल्याकडं एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, टप्प्याटप्प्यानं परवानगी देतं, भिंतींची जाडी, रेडिएशन मॉनिटर, इंटरलॉक सगळं तपासून. रोजचा भाग मात्र 'सर्च'. दोन माणसं आत जातात, प्रत्येक कोपऱ्यातलं बटण ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या वेळात दाबत बाहेर येतात, दार लागतं, सायरन वाजतो, मगच मशीनला परवानगी मिळते. आत जाणाऱ्या प्रत्येकानं दारावरच्या पॅनेलमधून एक चावी काढून खिशात ठेवायची, एक जरी चावी जागेवर नसली तर मशीन चालूच होत नाही. एकदा माझ्याच शिफ्टला चाव्या सगळ्या जागेवर, आणि सर्च करताना केबल ट्रेच्या मागं कंत्राटदाराचा एक इलेक्ट्रिशियन पोरगा बसून कनेक्टर सोल्डर करत होता. सकाळी घाईत दुसऱ्याच्या मागं मागं आत आला, चावी घेतलीच नाही. वाकून टॉर्च मारला म्हणून दिसला. त्या दिवशी मी मशीन चालू केली नाही, सगळ्यांना परत बसवून परत शिकवलं. सर्चला कंटाळणाऱ्या माणसाला मी कधी शिफ्टवर ठेवलं नाही आणि ठेवणारही नाही.

आता पहिला बीम. पोरीला हे नक्की सांगा. कंट्रोलरूममध्ये आठ-दहा जण, स्क्रीनवर कॅमेऱ्याचं काळं चित्र. गनच्या पुढं एक पिवळसर क्रिस्टलचा स्क्रीन आत सरकवलेला असतो, त्याच्यावर इलेक्ट्रॉन आदळले की तो चमकतो. आरएफ चालू केली की आधी एक फिकट धुरकट डाग दिसतो आणि नवीन पोरं ओरडतात, आला आला. तो बीम नसतो, ते तांब्यानं स्वतःहून सोडलेले इलेक्ट्रॉन, डार्क करंट. मग चकतीवर मारायच्या अल्ट्राव्हायोलेट लेझरचं शटर उघडायचं. त्या डागाच्या मधोमध एक छोटा तेजस्वी ठिपका आला की शटर बंद करायचं, ठिपका गेला पाहिजे. उघडलं, आला. बंद केलं, गेला. असं पाच-सहा वेळा केल्याशिवाय मी वहीत 'बीम' हा शब्द लिहू देत नाही. मग सोलेनॉइडचा करंट बदलायचा, ठिपका लहान-मोठा होताना जागा सोडतो का बघायचं, सोडत असेल तर लेझर चकतीच्या मध्यावर पडत नाहीये.

या ठिकाणी इलेक्ट्रॉन फार नाजूक असतो. ५ एमईव्ही (मिलियन इलेक्ट्रॉन-व्होल्ट) एनर्जीला पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा त्याला मीटरभरात मिलिमीटरभर बाजूला नेतं, जे आपल्या होकायंत्राची सुई हलवतं तेवढंच. पंपाजवळ कुणी लोखंडी स्टूल विसरलं तर कंट्रोलरूममध्ये ठिपका सरकलेला दिसतो, हे मी स्वतः पाहिलंय.

पुढं एकेक कॅव्हिटी चालू करत एनर्जी वाढवत न्यायची. सगळं कमी चार्जवर, सेकंदाला एखादाच पुंजका, म्हणजे चुकून भिंतीला लागला तरी नुकसान नको. प्रत्येक कॅव्हिटीची फेज जुळवावी लागते, इलेक्ट्रॉन लाटेच्या शेंड्यावर बसला की थोडा मागं-पुढं यावर सगळं अवलंबून. आमच्या रेडिओ लहरींच्या २८५६ मेगाहर्ट्झला एक अंश फेज म्हणजे साधारण एक पिकोसेकंद. आणि कॅव्हिटीचं तांबं एक अंश सेल्सिअसनं तापलं तर त्याची फ्रिक्वेन्सी जवळपास ४८ किलोहर्ट्झनं घसरते. हे आकडे मला पाठ आहेत कारण यांनीच एकदा आमची झोप उडवली होती, बीमची एनर्जी दर अकरा मिनिटांनी वर-खाली व्हायची, अगदी घड्याळासारखी, आणि आम्ही चार रात्री आरएफच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शोधत बसलो. शेवटी एका ऑपरेटरनं कूलिंग प्लांटमध्ये जाऊन खुर्ची टाकली आणि नुसतं व्हॉल्व्हकडं बघत बसला. अकरा मिनिटांनी व्हॉल्व्ह उघडला, मग बंद झाला. पाणी थंड करणाऱ्या चिलरचा कंट्रोलर थोडा जास्तच उतावळा लावलेला होता, पाण्याचं तापमान अर्ध्या अंशानं झुलत होतं, बस्स. तो ऑपरेटर आयटीआय केलेला होता, चांदूरबाजारकडचा, आणि त्या खोलीत पीएचडी झालेले आम्ही सहा जण होतो.

पुंजका दाबायचा टप्पा वेगळाच अवघड. एलसीएलएसमध्ये असं झालं की पुंजका दाबल्यावर स्क्रीनवरचा प्रकाश एकदम भलताच वाढला, इलेक्ट्रॉनच्या आतल्या बारीक ओळी स्वतःच एकदिलानं चमकायला लागल्या आणि बीमचा खरा आकार मोजणं त्या स्क्रीनवर अशक्य झालं. मग बारीक तार बीममधून फिरवून, किती इलेक्ट्रॉन तिला आदळतात ते मोजून आकार काढावा लागला. म्हणजे मोजायचं साधनच खोटं बोलायला लागतं कधीकधी, म्हणून प्रत्येक गोष्ट दोन वेगळ्या रीतीनं मोजायची.

शेवटचा टप्पा अंड्युलेटर. एलसीएलएसमध्ये तेव्हा ३३ तुकडे होते, युरोपियन एक्सएफईएलच्या पहिल्या रांगेत ३५ तुकडे, प्रत्येकी पाच मीटरचा, मधल्या जागा धरून दोनशे मीटरच्या वर. इतक्या लांबीत इलेक्ट्रॉन आणि त्यानं टाकलेला प्रकाश एकमेकांवरून सरकले नाही पाहिजेत, म्हणून वाट पाच मायक्रॉनच्या आसपास सरळ लागते, आपला केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड असतो. एवढं सर्व्हेनं होत नाही, इथं बीमच वापरतात. एलसीएलएसवाल्यांनी बीम वेगवेगळ्या एनर्जीवर चालवून बघितला. वाट खरंच सरळ असेल तर एनर्जी बदलली तरी बीम तिथंच राहतो, वाकडी असेल तर कमी एनर्जीचा जास्त वळतो, त्यावरून कुठला मॅग्नेट किती सरकवायचा ते गणितानं काढतात. किती साधी कल्पना आहे बघा, सर, वर्गात सांगण्यासारखी.

अंड्युलेटरच्या चुंबकांना दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि रेडिएशन. नियोडिमियमचं चुंबक एका अंशाला हजारात एक भाग कमजोर होतं, आणि बीम सारखा आदळत राहिला तर त्याचं चुंबकत्व कायमचं कमी होतं. म्हणून बीमचा थोडासाही भाग सांडला तर मॉनिटर पुढच्या पल्सच्या आत मशीन थांबवतात, आणि हे मॉनिटर खरंच थांबवतात का ते आधी मुद्दाम थोडा बीम सांडून तपासलेलं असतं.

आणि मग लेझर. तरंगलांबी ठरते चुंबकांच्या अंतरावरून आणि एनर्जीवरून, एनर्जी दुप्पट केली की तरंगलांबी चौथ्या हिश्श्यावर येते. युरोपियन एक्सएफईएलच्या चुंबकांचा एक फेरा ४० मिलिमीटरचा, आणि पूर्ण एनर्जीला, १७.५ जीईव्हीला (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही), त्यातून ०.१५ नॅनोमीटरच्या आसपासचा एक्सरे निघतो. पण पहिल्या दिवशी त्यांनी एवढा हट्ट केला नाही, कमी एनर्जीवर साधारण ०.८ नॅनोमीटरला, सेकंदाला एकच पल्स ठेवून पहिला लेझर काढला, कारण लांब तरंगलांबीला बीममधल्या चुका जास्त माफ असतात. एलसीएलएसनं मात्र थेट ०.१५ नॅनोमीटरलाच पहिला लेझर काढला, वर्षभर आधीपासून बीम घासूनपुसून ठेवल्याचं ते फळ. मला विचाराल तर मी पहिली वाट धरेन, पण दुसरीचं मला फार कौतुक आहे.

लेझर झाला हे कसं ओळखायचं, नुसता ठिपका उजळ झाला म्हणून नाही. अंड्युलेटरचे तुकडे एकेक करून वाढवत जायचे आणि प्रत्येक वेळी प्रकाश मोजायचा. साधा प्रकाश असेल तर तुकडे दुप्पट केले की प्रकाश दुप्पट. लेझर असेल तर प्रत्येक तुकड्यागणिक तो काही पटींनी चढत जातो, आलेख लॉगवर काढला तर सरळ रेष येते, आणि मग एका ठिकाणी ती रेष वाकून सपाट होते, त्याला सॅच्युरेशन म्हणतात. ती वाकलेली रेष बघायला मिळाली की माणूस घरी फोन करतो, मध्यरात्र असली तरी.

आता विदर्भाचं. ऊन आडवं येतं असं सगळ्यांना वाटतं, मला नाही वाटत. कूलिंग टॉवर आपल्या घरच्या कूलरसारखाच पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला आपला कूलर मस्त चालतो आणि जुलैत तीस अंशालाही नुसतं चिकचिक होतं, बरोबर? टॉवरचंही तेच, त्याला मेपेक्षा जुलै जड. फक्त पाणी भरपूर लागतं, आणि मे महिन्यात आपल्याकडं तेच नसतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर मशीन उभी राहायची नाही, पण ती खणून खालच्या काळ्या दगडापर्यंत गेलं तर आपला बसाल्ट खूप भक्कम आहे. वणी-चंद्रपूरकडचा कोळशाचा पट्टा मात्र टाळायचा, खाणीतले सुरुंग मायक्रॉनच्या कामाला चालत नाहीत. सगळ्यात मोठा प्रश्न विजेचा. गावातल्या लाईटीचं बोलत नाही, अशी मशीन मोठ्या सबस्टेशनवरूनच जोडलेली असते, पण जूनच्या विजा-वादळात क्षणभराचा झटका आला तरी क्लायस्ट्रॉन, पंप सगळं बंद पडतं, आणि उणे २७१ अंशाचा प्लांट बंद पडला तर परत जागेवर यायला कितीतरी वेळ जातो. यावर उपाय आहेत, महाग आहेत, पण आहेत. म्हणजे होऊ शकतं का, तर जमिनीच्या आणि हवेच्या बाजूनं हो. आपल्या शेजारी हिंगोलीत औंढा नागनाथला लायगो-इंडिया होतंय, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, ते अ‍ॅक्सिलरेटर नाही, पण किलोमीटरमध्ये लांबी आणि कमालीचं व्हॅक्युम, आणि तिथंही मशीन उभी राहिली की नंतरची वर्षं अशाच कामात जाणार.

आणि मागच्या बाकावरच्या पोराला सांगा की थांबायची गरज नाही, इंदूर जवळ आहे. तिथल्या आरआरकॅटमध्ये, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ आहे, इलेक्ट्रॉन गोल फिरवून एक्सरे काढणारी मशीन, २.५ जीईव्हीची, २००५ पासूनची, आणि इन्फ्रारेडमधला एक छोटा फ्री इलेक्ट्रॉन लेझरही आहे, तत्त्व तेच जे वर सांगितलं. तिथं आयटीआयच्या पोरांना अप्रेंटिस म्हणून घेतात, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक्स, रेफ्रिजरेशन. डॉक्टरेट करूनच यात जाता येतं असं त्याच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. ज्या पोराला वेल्डची लीक ऐकू येते आणि जो वहीत खरा आकडा लिहितो, आवडणारा नाही, त्याच्यासाठी आम्ही जागा शोधत असायचो.

दिवाळीत मी गावीच आहे. पोरांना घेऊन या, दर्यापूरला उतरून फोन करा, कुणालातरी घ्यायला पाठवतो. माझ्याकडं तांब्याच्या कॅव्हिटीचा मधोमध कापलेला एक तुकडा आहे, नमुना म्हणून बनवला होता आणि मोजमापात नापास झाला, म्हणून मला मिळाला. आतली कड आरशासारखी आहे, पोरांना आपला चेहरा दिसेल. त्याला हात लावला तरी चालतो.